दुर्मीळ रोग, लांबची वाट

'डोळ्याला कर्करोग होतो का हो, सर?' मानवी डोळ्याचा धडा शिकवताना एखादा विद्यार्थी हा प्रश्न विचारतो आणि 'होतो, पण क्वचित' असे सांगून आपण पुढे जातो. उत्तर चुकीचे नाही. पण या 'क्वचित' शब्दात बरेच काही दडलेले आहे. कोणाला क्वचित? का क्वचित? आणि क्वचित होणारा हा रोग आपल्या गावात एखाद्याला झालाच, तर त्याचे पुढे काय होते?

डोळ्यातील मेलॅनोमा या कर्करोगाच्या निमित्ताने आपण या तीन प्रश्नांचा विचार करू. उदाहरणासाठी लातूर जिल्ह्यातील अहमदपूर हे तालुक्याचे गाव घेऊ. लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे येथून साधारण साठ-सत्तर किलोमीटरवर आहेत. गावात रेल्वे नाही. मराठवाड्यातील अनेक तालुक्यांची स्थिती अशीच असल्यामुळे जे अहमदपूरला लागू, ते इतरत्रही थोड्याफार फरकाने लागू पडेल.

रंगाच्या पेशी

डोळ्याच्या गोलाला तीन आवरणे असतात हे आपण शिकवतोच. बाहेरचे पांढरे व चिवट श्वेतपटल आणि सर्वांत आतले, प्रकाशाला संवेदनशील असे दृष्टिपटल. या दोहोंच्या मधले आवरण रक्तवाहिन्यांनी भरलेले आणि गडद रंगाचे असते. त्याचा पुढचा, बाहेरून दिसणारा भाग म्हणजे बाहुलीभोवतीची रंगीत परितारिका. मागचा, सर्वांत मोठा भाग म्हणजे रंजितपटल. डॉक्टर त्याला कोरॉइड म्हणतात. कॅमेऱ्याच्या आतल्या बाजूला काळा रंग दिलेला असतो, तो नको असलेला प्रकाश शोषून घेण्यासाठी. रंजितपटलाचा गडद रंगही तेच काम करतो. हा रंग मेलॅनिन या द्रव्याचा असतो आणि ते तयार करणाऱ्या पेशींना रंजकपेशी म्हणतात.

या रंजकपेशी बेबंदपणे वाढू लागल्या की मेलॅनोमा होतो. डोळ्याच्या मधल्या आवरणातील दहापैकी सुमारे नऊ मेलॅनोमा रंजितपटलात, म्हणजे डोळ्याच्या मागील भागात असतात. आरशात पाहून ते दिसत नाहीत. बहुतेक रुग्णांच्या गाठीत जीएनएक्यू किंवा जीएनए११ या दोन जनुकांपैकी एकात बिघाड आढळतो. ही जनुके पेशीला 'वाढ' असा निरोप देणाऱ्या बटणासारखी असतात. बिघाड झाला की बटण चालू स्थितीतच अडकून बसते. पुढे आणखी काही जनुके बिघडली, तर गाठीतील पेशी रक्तावाटे शरीरात पसरतात आणि बहुतेक वेळा यकृतात जाऊन रुजतात. या रोगात जीव जातो तो डोळ्यातील गाठीमुळे नव्हे, तर यकृतातील प्रसारामुळे.

कोणाला जास्त, कोणाला कमी?

अमेरिकेतील कर्करोग नोंदवह्यांत रुग्णाच्या वंशगटाची नोंद असते. त्यावरून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या रोगाचे वार्षिक प्रमाण काढले गेले. युरोपीय वंशाच्या गोऱ्या लोकांत ते दर दहा लाखांमागे सुमारे ६ होते. लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्यांत १.७, आशियाई वंशाच्या लोकांत ०.४ आणि कृष्णवर्णीयांत ०.३ होते. म्हणजे आशियाई माणसाच्या तुलनेत गोऱ्या माणसाला हा रोग होण्याची शक्यता सुमारे पंधरापट. युरोपातही दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे तसे प्रमाण वाढत जाते. स्पेन व दक्षिण इटलीत ते दहा लाखांत दोनपेक्षा कमी, तर नॉर्वे व डेन्मार्कमध्ये आठपेक्षा अधिक आढळले आहे.

या फरकाचे मूळ रंगात आहे. मेलॅनिन दोन प्रकारचे असते. गडद तपकिरी मेलॅनिन प्रकाश शोषून पेशीचे संरक्षण करते. पिवळट-तांबूस मेलॅनिन मात्र हे काम नीट करत नाही. उलट पेशीला घातक अशी रसायने त्यातून तयार होऊ शकतात. निळ्या-करड्या डोळ्यांत गडद मेलॅनिन कमी असते, तर आपल्याकडील बहुसंख्य लोकांच्या काळ्या-तपकिरी डोळ्यांत ते भरपूर असते. सावळ्या रंगाला नाके मुरडणाऱ्या समाजात मुलांना ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आपल्याकडील घाऱ्या डोळ्यांच्या माणसांनी मात्र यावरून घाबरण्याचे कारण नाही. निळ्या डोळ्यांच्या देशातही हा रोग दहा लाखांत जेमतेम सात-आठ जणांनाच होतो.

येथे एक प्रश्न साहजिकच मनात येईल. मराठवाड्याच्या उन्हात दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्याला धोका जास्त असणार का? त्वचेच्या मेलॅनोमात उन्हातील अतिनील किरणांचा वाटा मोठा असतो. पण प्रौढ माणसाच्या डोळ्यात पारपटल आणि भिंग मिळून जवळजवळ सर्व अतिनील किरण अडवतात. ते रंजितपटलापर्यंत फारसे पोहोचतच नाहीत. तेथील गाठींच्या जनुकांत अतिनील किरणांच्या खुणाही सहसा सापडत नाहीत. परितारिकेवरील मेलॅनोमात त्या सापडतात, पण तो प्रकार अगदीच थोडा. तेव्हा या रोगाचा दोष उन्हाच्या माथी मारता येत नाही.

आपल्या जिल्ह्याचा हिशेब

आता आठवी-नववीच्या मुलांनाही करता येईल असे एक गणित करू. दहा लाखांमागे ०.४ हे प्रमाण घेतले, तर १४० कोटींच्या भारतात वर्षाला सुमारे ५६० नवे रुग्ण होतील. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेचोवीस लाख होती. म्हणजे जिल्ह्यात वर्षाला एक रुग्ण. अडीच लाखांचा तालुका धरला, तर तालुक्यात दहा वर्षांत एक.

ही आकडेमोड ढोबळ आहे. अमेरिकेतील 'आशियाई' या रकान्यात चिनी, जपानी, भारतीय असे अनेक लोक एकत्र मोजलेले असतात. शिवाय तेथील लोकसंख्येत वृद्धांचे प्रमाण जास्त आहे आणि हा रोग वाढत्या वयात अधिक होतो. पण अंदाज येण्यापुरते गणित पुरेसे आहे. भारतीय रुग्णांच्या अभ्यासांत आणखी एक फरक दिसतो. पाश्चात्त्य देशांत रोग सापडतो तेव्हा रुग्ण साधारण साठीचा असतो, आपल्याकडे तो पंचेचाळिशीच्या आसपासचा असतो. म्हणजे घर चालवणारा, मुले शाळेत असणारा.

'वर्षाला एक' हा आकडा दिलासा देणारा वाटतो. पण त्याची दुसरी बाजू अशी, की तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या डॉक्टरला हा रोग उभ्या आयुष्यात एखाद-दुसऱ्यांदाच दिसेल. जे दिसत नाही ते चटकन ओळखूही येत नाही. रोगाचा दुर्मीळपणा हे येथील लोकांच्या रक्तात असलेले संरक्षण आहे हे खरे. पण ज्याला रोग झाला, त्याच्यासाठी तोच दुर्मीळपणा आडवा येतो.

अहमदपूरहून निघालेली वाट

समजा, अहमदपूर तालुक्यातील पंचेचाळीस वर्षांच्या एका शेतकऱ्याच्या डाव्या डोळ्यात रंजितपटलाचा मेलॅनोमा वाढतो आहे. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. कधी डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे होते, कधी एका कडेला सावली दिसते. दोन्ही डोळे उघडे असताना उजवा डोळा सगळे सांभाळून घेतो. एके दिवशी डोळ्यात कचरा जातो, उजवा डोळा चोळताना तो मिटला जातो आणि तेव्हा कळते, की डाव्याने नीट दिसत नाही.

चष्म्याचा नंबर वाढला असेल, असे म्हणून काही दिवस जातात. मग मोतीबिंदूची शंका येते. 'अजून पिकला नसेल, सोयाबीनची काढणी झाली की दाखवू,' असे घरात ठरते. शिबिरात तपासणी होते, पण शेकडो माणसांच्या रांगेत प्रत्येकाच्या डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून आतला भाग पाहणे होतेच असे नाही. पुढे गाठीमुळे दृष्टिपटल सुटू लागले, तर 'पडदा सरकला' एवढेच निदान हाती पडते. पडदा कशामुळे सरकला, हे पाहायचे राहून जाते.

यात एका कोणाची चूक आहे असे नाही. प्रत्येक पायरीवर सर्वांत संभाव्य कारण आधी धरले जाते आणि सर्वांत संभाव्य कारण मेलॅनोमा नसतेच. पण पायऱ्या चढण्यात महिने जातात आणि गाठ वाढत राहते. गाठीचा आकार किती महत्त्वाचा असतो, हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासावरून दिसते. डोळा काढून टाकलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांत दगावलेल्यांचे प्रमाण लहान गाठींत शंभरात सुमारे १६, मध्यम गाठींत ३२ आणि मोठ्या गाठींत ५३ होते. आधी आलेला आणि उशिरा आलेला रुग्ण यांत पडणारा फरक तो हाच.

निदानाला मात्र फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी आणि डोळ्याची सोनोग्राफी एवढ्यावर जाणकार नेत्रतज्ज्ञ बहुतेक वेळा रोग ओळखतो. गाठीचा तुकडा काढून तपासण्याची सहसा गरज पडत नाही. मोतीबिंदू दाट असेल आणि आतले काहीच दिसत नसेल, तेव्हाही सोनोग्राफीत गाठ दिसते. या तपासण्या लातूर-नांदेडपर्यंतच्या अंतरात होऊ शकतात. अडचण येते ती त्यापुढे.

चांदीची छोटी वाटी

पूर्वी या रोगावर डोळा काढून टाकणे हाच उपाय होता. आज लहान व मध्यम गाठींसाठी किरणोत्सारी चकती वापरतात. ही चकती म्हणजे नाण्याएवढ्या आकाराची, डोळ्याच्या गोलाईला बसेल अशी उथळ वाटी. शस्त्रक्रिया करून ती श्वेतपटलाच्या बाहेरून, नेमकी गाठीच्या मागे टाके घालून बसवतात. काही दिवस ती तेथे राहते, गाठीला किरणांची ठरलेली मात्रा मिळते आणि मग ती काढून घेतात. डोळा जागेवर राहतो, पुष्कळदा थोडीफार दृष्टीही राहते. अमेरिकेत मध्यम गाठीच्या १,३१७ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. डोळा काढलेले रुग्ण आणि आयोडिन-१२५ ची चकती लावलेले रुग्ण यांच्या जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. डोळा वाचवल्याने जीव धोक्यात येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

या चकत्यांची गोष्ट आपल्या राज्याशी जोडलेली आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने रुथेनियम-१०६ ची देशी चकती तयार केली आणि २०२० मध्ये ती दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील नेत्रकेंद्रात वापरली गेली. अणुभट्टीतील वापरलेल्या इंधनापासून उरणाऱ्या किरणोत्सारी कचऱ्यातून हे रुथेनियम वेगळे काढतात. ज्याला आपण टाकाऊ आणि धोकादायक म्हणतो, त्यातून डोळा वाचवणारे साधन तयार होते. चकती चांदीची असते. तिच्यातून निघणारे बीटा कण काही मिलिमीटरच आत जातात, त्यामुळे गाठीपलीकडील भागाला इजा कमी होते. गाठ फार जाड झाली, तर हेच कण तिच्या टोकापर्यंत पुरत नाहीत. येथेही लवकर येण्याला महत्त्व आहे.

वर्गात अर्धायुष्य शिकवताना हे उदाहरण घेता येईल. रुथेनियम-१०६ चे अर्धायुष्य सुमारे ३७२ दिवस, म्हणजे ढोबळमानाने एक वर्ष. नवी चकती एखाद्या गाठीसाठी चार दिवस ठेवावी लागत असेल, तर वर्षभराने तीच चकती तेवढ्याच मात्रेसाठी आठ दिवस ठेवावी लागेल. दोन वर्षांनी सोळा दिवस. रुग्ण येवोत वा न येवोत, चकती क्षीण होतच राहते. म्हणून वर्षाला एक रुग्ण येणाऱ्या जिल्ह्यात ती ठेवणे परवडत नाही. असा उपचार मोजक्या केंद्रांतच एकवटतो आणि ते स्वाभाविकही आहे.

अहमदपूरच्या रुग्णाला म्हणूनच एक तर मुंबई गाठायची, ती पाचशे किलोमीटरांहून लांब, किंवा हैदराबाद, ते त्याच्या निम्म्या अंतरावर. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि आजही अवघड आजारात तिकडची वाट धरणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. तेथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डोळ्याच्या कर्करोगाचा स्वतंत्र विभाग आहे आणि ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांच्यासाठी मोफत उपचारांची सोय आहे. पण तपासणी मोफत झाली तरी प्रवास, सोबतीचा माणूस, राहणे आणि बुडालेली मजुरी यांचा खर्च उरतोच. चकती बसवणे आणि काढणे यांत काही दिवस जातात. त्यानंतर वर्षानुवर्षे तपासण्या. यात पुष्कळांचा धीर सुटतो. कित्येकदा एकाच फेरीत काम व्हावे म्हणून डोळा काढण्याचा पर्याय स्वीकारला जातो.

फरक वंशाचा की वाटेचा?

येथे आपल्या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. रोग कोणाला होतो, हे बऱ्याच अंशी जन्मजात रंगावर अवलंबून आहे. पण रोग झालेल्याचे पुढे काय होते, यातील फरक पाहूनही 'या लोकांत रोगच वेगळा असतो' असे म्हणण्याचा मोह होतो. तेथे थांबून विचार केला पाहिजे.

अमेरिकेतील २००४ ते २०१४ या काळातील नोंदींच्या अभ्यासात असे आढळले, की गोऱ्या नसलेल्या रुग्णांचा डोळा थेट काढून टाकण्याचे प्रमाण अधिक होते. पण गरीब रुग्णांतही ते अधिक होते. डोळ्याच्या रंगाने हे दुसरे निरीक्षण समजावता येणार नाही.

दुसरा पुरावा मुलांच्या कर्करोगातून मिळतो. दृष्टिपटलाचा रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोग मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांना होतो. तो साधारण सोळा ते अठरा हजार जन्मांमागे एका बालकाला होतो आणि हे प्रमाण जगभर जवळपास सारखेच आहे. गोरे-काळे असा भेद येथे दिसत नाही. तरीही २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५३ देशांतील ४,३५१ बालकांच्या अभ्यासात मोठी तफावत दिसली. निदानाच्या वेळचे मध्यक वय श्रीमंत देशांत १४ महिने, तर गरीब देशांत ३० महिने. रोग डोळ्याबाहेर पसरलेली मुले श्रीमंत देशांत शंभरात दीड, गरीब देशांत शंभरात एकोणपन्नास. रोग तोच, जनुक तेच. फरक पडला तो केवळ मूल उशिरा पोहोचल्यामुळे.

उलट एका ठिकाणी जन्मजात फरक खरोखरच आड येतो आणि तोही सांगितला पाहिजे. पसरलेल्या मेलॅनोमासाठी टेबेंटाफस्प या औषधाला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. वर्षभरानंतर जिवंत असलेल्या रुग्णांचे प्रमाण या औषधाने ५९ टक्क्यांवरून ७३ टक्क्यांवर गेले. पण आपल्या पेशींवर ओळखपत्रासारखी काही प्रथिने असतात आणि हे औषध त्यांतील एचएलए-ए०२:०१ हा एकच प्रकार ओळखते. युरोपीय वंशाच्या जवळपास निम्म्या लोकांत तो असतो. भारतीयांत त्याचे प्रमाण बरेच कमी असून त्याच कुळातला ०२:११ हा प्रकार अधिक आढळतो. म्हणजे हे औषध अहमदपूरपर्यंत पोहोचले, तरी येथील पुष्कळ रुग्णांना ते चालणार नाही. ज्या लोकांत रोग जास्त, त्यांच्यासाठी संशोधन आधी झाले. यात निसर्गाचा भाग किती आणि संशोधकांच्या निवडीचा किती, यावर वरच्या वर्गात चर्चा घेता येईल.

शाळा काय करू शकते?

हैदराबाद जवळ आणणे आपल्या हाती नाही. पण घर ते पहिली योग्य तपासणी या टप्प्यात जे महिने वाया जातात, ते कमी करणे शाळेच्या आवाक्यात आहे.

पहिली गोष्ट, एक डोळा झाकून पाहण्याची सवय. तळहाताने, डोळ्यावर दाब न देता, आधी एक आणि मग दुसरा डोळा झाकायचा आणि फळ्यावरील किंवा दिनदर्शिकेवरील अक्षरे वाचायची. मुलांनी हे घरी आई-वडिलांकडून व आजी-आजोबांकडूनही करून घ्यावे. एका डोळ्याने कमी दिसते असे आढळले, सावली किंवा चमक दिसली, सरळ रेषा वाकडी दिसली, तर 'पिकण्याची' वाट न पाहता नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि थेंब घालून पडद्याची तपासणी करा, असे स्पष्ट सांगावे. बहुतेक वेळा कारण साधेच निघेल. तसे निघाले तर आनंदच आहे.

दुसरी गोष्ट, लहान मुलांची बाहुली. उजेडात किंवा फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकत असेल किंवा मूल नव्यानेच तिरळे पाहू लागले असेल, तर तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्यपथक अंगणवाडीत व शाळेत येते, तेव्हा असे मूल आठवणीने दाखवावे.

तिसरी गोष्ट, जन्मखूण. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि त्याच बाजूच्या पापणीवर किंवा गालावर जन्मापासून निळसर-करडा डाग असलेली माणसे आपण पाहतो. आशियाई लोकांत हा डाग अधिक आढळतो. तो रोग नव्हे. पण अशा डोळ्यात मेलॅनोमाची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून वर्षातून एकदा पडदा तपासून घेणे शहाणपणाचे.

चौथी गोष्ट, ज्याच्यावर उपचार झाले आहेत त्याची पाठराखण. मोठ्या केंद्रात जावे लागते ते मुख्यतः काही दिवसांच्या उपचारासाठी. त्यानंतर दर काही महिन्यांनी करायची यकृताची सोनोग्राफी लातूर किंवा नांदेडलाही होऊ शकते. केंद्रातील डॉक्टरांकडून तसे लिहून घ्यावे. सरकारी योजनेचा लाभ यादीतील रुग्णालयांतच मिळतो. म्हणून घर सोडण्यापूर्वी महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटून माहिती घ्यावी. घरात लिहिता-वाचता येणारे कोणी नसेल, तर हे काम शिक्षकाने केले तरी त्या कुटुंबाची एक खेप वाचेल.

पुढच्या वेळी वर्गात तो प्रश्न आला, तर 'क्वचित' या उत्तराला आपण एक वाक्य जोडू शकू : क्वचित होतो, म्हणूनच ओळखायला उशीर होतो, आणि तो उशीर आपण कमी करू शकतो.